इंदुताईच्या नावचं रक्त

मिलमध्ये काही फुकट मिळालं की इंदुताईला आधी त्यातला डाव दिसायचा. दिवाळीला पेढ्याचा डबा मिळाला, तर ती आधी डब्याखाली काय लिहिलंय ते सुनेकडून वाचून घ्यायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. इंदुताई पाणीसुद्धा फुंकून प्यायची, आणि वर दुसऱ्यांना फुंकायला लावायची.

वैनगंगेच्या अलीकडे, सावली गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ती धानाची मिल होती. मोठमोठ्या टाक्यांतून उकडलेलं धान बाहेर पडायचं आणि सिमेंटच्या लांबरुंद अंगणात उन्हाला पसरायचं. ते वाळवण्याचं काम नऊ बायकांकडे होतं आणि त्या नऊजणींची मुकादमीन होती इंदुताई भोयर, वय एक्कावन्न. प्रत्येकीच्या वाट्याला अंगणातला एक लांब पट्टा. धान पायांनी ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दिवसभर. कोंड्याची धूळ नाकातोंडात जाते म्हणून सगळ्या तोंडाला दुपट्टा गुंडाळून घ्यायच्या, त्यातून फक्त डोळे दिसत. नवखा माणूस समोर उभा राहिला तर कोण आशाबाई आणि कोण इंदुताई हे त्याला कपाळावरची टिकली पाहूनच ओळखावं लागे.

या टोळीचा एक कायदा होता आणि तो इंदुताईनंच केलेला होता. एखादीला ताप आला, पोरगं पडलं, घरी पाहुणे आले, तर तिचा पट्टा शेजारच्या बाईनं ओढायचा. मिलवाल्याला कळूही द्यायचं नाही. त्याला अंगण वाळलेलं दिसलं म्हणजे झालं. एकीचं ओझं दुसरीनं उचलायचं, यात इंदुताईला काही चोरी वाटत नसे.

तर अशा ठिकाणी फेब्रुवारीत एक फलक लागला. ‘निरोगी कामगार अभियान’. खाली दोन हात एकमेकांत गुंफलेले. एक हात म्हणे सरकारच्या आरोग्य खात्याचा आणि दुसरा मिलमालकांच्या संघटनेचा. सगळ्या राज्यात, कारखान्यांत, खाणींत, मिलांमध्ये हे दोन हात एकत्र आले होते. मिलचे मॅनेजर आदेशबाबू नागपूरला शिकून आलेले, भाषणाची हौस दांडगी. त्यांनी सगळ्यांना गोदामात उभं केलं आणि सांगितलं की आता रोज सकाळी पंधरा मिनिटं व्यायाम होईल, उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी मिळेल आणि प्रत्येकाचं रक्त तपासलं जाईल.

“दिवसभर धान तुडवून राह्यलो, तो काय आराम हाय का?” आशाबाई दुपट्ट्याआडून पुटपुटली. बायका हसल्या. आशाबाई टोळीतली सगळ्यांत म्हातारी, तिला कोणी रागवत नसे.

इंदुताई हसली नाही. तिचं लक्ष ‘रक्त’ या शब्दावर अडकलं होतं.

त्याला कारणही होतं. तीन वर्षांमागे याच गोदामात डोळ्यांचं शिबिर झालं होतं. तेही फुकटच. तांदळातले खडे वेचणाऱ्या तीन बायकांना नजर कमी म्हणून चिठ्ठ्या मिळाल्या. आठवडा गेला नाही तोच त्या तिघींना सांगण्यात आलं की आता तुम्हाला खडे दिसत नाहीत, उद्यापासून येऊ नका. चष्मे आले, अगदी चांगले आले, पण ते त्यांच्या घरी पोचते झाले. तेव्हापासून तपासणी म्हणजे यादीतून नाव खोडायची सरकारी रीत, हे इंदुताईनं मनात पक्कं धरलं होतं. आणि खोटं का बोला, त्यात तिला कोणी सगळाच दोष देऊ शकलं नसतं.

शिवाय तिची स्वतःची भानगड होती. दिवाळीपासून उन्हात उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तिच्या आईला साखरेची बिमारी होती, पाय कापावा लागला होता. मुकादमीनीच्या रक्तात साखर निघाली, तर टोळी कोणाच्या हाती जाईल? हा प्रश्न तिनं कोणाला विचारला नाही. तपासणीतून सुटायची पळवाट मात्र शोधून ठेवली.

पळवाटेचं नाव रंजीता. चोवीस वर्षांची पोरगी, माहेर धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावात, सासर इथलं, मिलपासून दोन मैलांवर. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. दुसऱ्या एका बाईच्या जागी ती मागच्या साली आली होती आणि मिलच्या यादीत तिचं नाव अजून चढलंच नव्हतं. काम करायची, पण कागदावर नव्हती. यादीत नाही म्हणजे तिची तपासणीही नाही. अंगापिंडानं भरलेली, बोलायला कमी, कोणाचाही पट्टा ओढायला सांगा, नाही म्हणणार नाही.

“रंजीता, उद्या माझ्या नावानं तू जाजो,” इंदुताई म्हणाली. “मले सुईचं भेव वाट्टे.”

रंजीतानं एकदा तिच्याकडे पाहिलं. “बरं, ताई,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोदामात शंभरावर माणसांची रांग. तालुक्याहून आलेला रक्त काढणारा पोऱ्या मान खाली घालून नुसता हात बघत होता, चेहरा नाही. उपकेंद्राच्या दीपिका सिस्टर दुसऱ्या टोकाला नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

“नाव?”

“इंदू रामाजी भोयर.”

“वय?”

“एक्कावन्न,” रंजीता आवाज जाडा करून म्हणाली. मागच्या बायकांनी दुपट्टे दातांत धरले. पोऱ्यानं मान वर केली नाही. सुई गेली, नळी भरली, इंदुताईच्या जिवातली धाकधूक गेली. कोणाचा पट्टा कोणी ओढला हे मिलला कधी कळलं होतं, की आता कळणार होतं?

आठ दिवसांनी पाकिटं आली. दीपिका सिस्टर स्वतः वाटत होती. चिमूरकडची मुलगी, वय तिशीच्या आत, आवाज कधी चढत नसे. ज्याचं पाकीट त्याच्याच हातात देत होती आणि प्रत्येकाला बजावत होती की हे मालकाला दाखवायची गरज नाही. ‘एवढं बजावून सांगते म्हणजे आधीच दाखवलं असणार,’ इंदुताईनं मनात नोंद केली.

तिला सिस्टरनं बाजूला घेतलं. “इंदुताई, तुमच्या अंगात रक्त फार कमी आहे. बारा पाहिजे, तुमचं पाच आलंय. आजच गडचिरोलीला दाखवायला हवं. रक्त चढवावं लागेल.”

इंदुताईनं कागद घेतला, घडी केली, कमरेला खोचला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. आणि सिस्टरची पाठ वळताच टोळीला पाण्याच्या टाक्याजवळ गोळा केलं.

“पाह्यलं? म्या म्हणलं नोतं?” तिनं कागद फडकवला. “रक्त कोनाचं? रंजीताचं! तरणीताठी पोरगी, दोन-दोन पट्टे वढते. तिच्या रक्तात खोट राहीन का? पन नाव लिवलं इंदू भोयर, म्हून रोग लिवला. ह्यांचं आधीच ठरलं होतं बायांनो. पह्यले मुकादमीन हटवाची, मंग टोळी!”

असा बिनतोड मुद्दा एखाद्या वकिलालाही सुचला नसता. बायकांनी माना डोलावल्या. आशाबाईनं सरकारला दोन शिव्या घातल्या, मिलमालकाला एक. रंजीताही सगळ्यांबरोबर हसली, निदान दुपट्ट्यावरून तसं वाटलं. इंदुताईला त्या दिवशी फार हलकं वाटलं. आपला संशय खरा निघाला की माणसाला जो आनंद होतो, तो लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

पण सिस्टर पिच्छा सोडेना. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये आली, तिसऱ्या दिवशी थेट घरी. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट देऊन गेली, ते इंदुताईनं चुलीमागे फेकलं. चौथ्या दिवशी पुन्हा हजर. एवढी कळकळ सरकारी माणसाला कधीपासून यायला लागली? इंदुताईनं हिशेब मांडला: ही मला गडचिरोलीला नेणार, तिथं चार दिवस खाटेवर टाकणार, आणि मी परत येईपर्यंत अंगणात दुसरी मुकादमीन उभी असणार.

सातव्या दिवशी सकाळी सिस्टर मिलच्या फाटकात उभी होती आणि इंदुताई कोंड्याचं पोतं डोक्यावर घेऊन समोरून आली. सिस्टर बघत राहिली.

“ताई, पोतं खाली ठेवा जरा.”

इंदुताईनं ठेवलं. सिस्टरनं काही विचारलं नाही, सरळ अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. मग नखं पाहिली, एकेक दाबून.

“ते तपासलेलं रक्त तुमचं नाही,” सिस्टर म्हणाली.

“माझंच हाय. नाव लिवलं हाय ना त्याच्यावर?”

“नाव तुमचं आहे. तुमची पापणी आतून लाल आहे. पाचवर असलेली बाई हे पोतं घेऊन फाटकापर्यंत आली नसती, आली असती तर बसून गेली असती.” सिस्टरचा आवाज तेव्हाही चढला नाही. “ताई, मी कोणाला सांगणार नाही. पण ज्या बाईचं ते आहे, ती कोणत्याही दिवशी उभ्या-उभ्या कोसळेल. पोटात लेकरू असेल तर दोन जीव आहेत. सात दिवस झालेत. नुसतं नाव सांगा.”

अच्छा, असं आहे तर. गोड बोलून नाव काढून घ्यायचं. पोलीस ठाण्यातले लोकही असंच करतात, चहा पाजतात आणि मग विचारतात. इंदुताईनं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं.

“माझंच हाय,” ती म्हणाली आणि चालती झाली.

चालती झाली खरी, पण त्या दिवशी तिचे डोळे ऐकेनात. धान ओढता-ओढता ते सारखे चौथ्या पट्ट्याकडे वळायला लागले. रंजीता पट्ट्याच्या टोकाला पोचली की खांबाला हात लावून थांबायची. दहा श्वास. मग वळायची. दुसऱ्या टोकाला पुन्हा दहा श्वास. हे इंदुताईनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं का? छे. महिनाभर पाहत होती आणि ‘नवऱ्याची आठवण येते पोरीला’ म्हणून सोडून देत होती. रंजीता पायाखालचं धान सोलून सारखी चघळत असायची. त्यावरून तर इंदुताई तिला बोललीही होती की उंदरासारखी कुरतडू नको, धान मालकाचं आहे. आणि तो दुपट्टा. बाकीच्यांचे दुपट्टे तोंडाशी शांत होते. रंजीताचा धाप लागलेल्या कुत्र्याच्या पोटासारखा वरखाली होत होता.

‘ऊन हाय,’ इंदुताईनं स्वतःला समजावलं. ‘सिस्टरनं मनात भरवलं म्हून दिसते.’ स्वतःच्या डोळ्यांवरही संशय घेऊन पाहिला. अर्धा तास टिकला तो, जास्त नाही.

तिनं रंजीताला हाक मारली आणि टाक्यामागच्या सावलीत नेलं.

“दुपट्टा काढ.”

“काऊन, ताई?”

“काढ म्हणतो ना.”

रंजीतानं दुपट्टा सोडला. कित्येक आठवड्यांत इंदुताईनं तिचा उघडा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. ओठांना रंग नव्हता. इंदुताईनं सिस्टरसारखाच अंगठा लावून पापणी खाली ओढली. आतून ती धुतलेल्या तांदळासारखी पांढरी होती.

कमरेचा कागद तिला एकदम आठवला. सात दिवस तो कागद ती मिरवत होती, येईल त्याला दाखवत होती, हसत होती. ते मरणाचं बोलावणं होतं आणि या पोरीच्या नावचं होतं. आपण केवढं मोठं पाप करून बसलो, हे तिला आत्ता कळलं.

“तुले मालूम होतं?”

रंजीतानं मान हलवली. हो.

“कवापासून?”

“तुमी कागद दाखवला ना, तवापासून. रक्त तं माझंच होतं.”

“अन पोटात?”

रंजीतानं हात पोटावर नेला. “चवथा महिना,” म्हणाली.

“मंग बोलली काऊन नाई?” इंदुताईचा आवाज फाटला. “सिस्टर रोज येऊन राह्यली होती! सांगाचं होतं तिले कोपऱ्यात नेऊन. मिलवाल्याले भेली का?”

“मिलवाल्याले माझं नाव तरी मालूम हाय का?” रंजीता म्हणाली. ती भांडत नव्हती. धान किती वाळलं हे सांगावं तसं सांगत होती. “भेव तुमचं होतं, ताई.”

“माझं?”

“करिश्मा पोटुशी होती तं तुमीच तिले घरी बसवलं. पट्टा वढणं होत नाई म्हणलं. तिनं तुमचे पाय धरले. तिच्याच जाग्यावर मी आली ना.”

इंदुताई काहीतरी बोलायला गेली. बोलायला पुष्कळ होतं. करिश्माचं पोट सहाव्या महिन्याचं होतं. तिचा पट्टा रोज दोघींना ओढावा लागे. धान ओलं राहिलं असतं तर सगळ्या टोळीवर आलं असतं. तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं, घरी बस म्हणून. हे सगळं खरं होतं आणि इंदुताईला ते तोंडपाठ होतं. पण मिलनं करिश्माला काढलं नव्हतं. मिलला करिश्मा नावाची बाई आहे हेही ठाऊक नव्हतं. डोळ्यांच्या शिबिरातल्या तीन बायकांसाठी जिनं तीन वर्षं सरकारला शिव्या घातल्या, तिनं हे चौथं नाव स्वतःच्या तोंडानं खोडलं होतं, आणि त्यासाठी तिला कोणत्या शिबिराची गरज पडली नव्हती.

तिनं रंजीताचा हात धरला आणि तिला सावलीत बसवलं. “हालू नोको,” म्हणाली आणि तडक कचेरीकडे निघाली.

सिस्टर तिथंच होती, आदेशबाबूंशी व्यायामाच्या वेळेबद्दल बोलत. इंदुताई दारात उभी राहिली आणि आत न जाताच, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रक्त रंजीताचं होतं. म्या तिले माझ्या नावानं उभी केली. पोटुशी हाय ते. टाक्यामागं बसवली हाय. चाला.”

“म्हणजे तुम्ही खोटं नाव…” आदेशबाबू उठले. “कोण रंजीता? आपल्या यादीत तर…”

“यादीत नाई. पन काम करते,” इंदुताई म्हणाली. “मले काढाचं तं काढा. पह्यले गाडी बोलवा.”

सिस्टर आधीच धावत निघाली होती, फोन कानाला लावून. आदेशबाबूंनी यादी उघडली, मिटली आणि तेही मागे आले. त्यांचा चेहरा घाबरलेला होता, एवढं मात्र इंदुताईनं पाहिलं. नवलच वाटलं तिला. या माणसाला घाबरताही येतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात सिस्टरनं रंजीताला आडवं केलं, पाय पोत्यावर उंच ठेवले, नाडी धरून बसली. बायकांनी काम टाकून कडं केलं होतं. अंगणातलं धान तसंच पडून होतं आणि कोणी कोणाला ओरडत नव्हतं. इंदुताई रंजीताच्या उशाशी बसून आपल्या पदरानं वारा घालत होती. एकदा तिनं तिच्या केसांत अडकलेला कोंडाही वेचून काढला. रंजीतानं डोळे मिटून घेतले होते.

गाडी आली. स्ट्रेचर आत गेलं.

“सोबत एकच बाई येऊ शकेल,” सिस्टर म्हणाली. “डॉक्टर सगळं विचारतील. कधीपासून त्रास आहे, काय खाते, किती ओझं उचलते. नीट सांगावं लागेल, काही लपवायचं नाही.”

“म्या जातो,” इंदुताई म्हणाली. विचारायचं कारणच नव्हतं. तिनं दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलला.

“ताई,” आतून रंजीता म्हणाली. मान वर करायची ताकद नव्हती, गाडीच्या छताकडे बघतच बोलली. “तुमी नोका येऊ. आशाबाईले येऊ द्या.”

“अवं, पन म्याच तं…”

“तुमी असल्या तं मले डाक्टरले खरं सांगनं नाई होनार.”

इंदुताईचा उचललेला पाय तसाच राहिला. मागून आशाबाई पुढे आली, तोंडाचा दुपट्टा सोडत. इंदुताईनं दांडा सोडला, खाली उतरली आणि तिला वाट करून दिली.